तुटला की सुटला

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही, मुद्दाम.

आज तुझा जबडा माझ्या टेबलावर आला. वरचा आणि खालचा, दोन्ही. सकाळी दवाखान्यातून मापांचा डबा आला, नेहमीसारखं मी प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर सोडवलं, कडा घासायला घेतल्या आणि वरचा जबडा उलटा केला, तर टाळूच्या मधोमध तो उंचवटा. आईला होता तो. मला आहे, आत्ता लिहितानासुद्धा माझी जीभ तिथेच चाललीय. आणि तुला आहे. लहानपणी आरशासमोर ‘आ’ करून आपण कोणाचा मोठा ते बघायचो, आणि आरसा काहीही दाखवो, तुझाच मोठा असायचा.

म्हटलं, असेल कोणाचा तरी. असे उंचवटे काय आपल्याच घराण्याला वाटून दिलेले नाहीत. पण मग पुढे डावीकडे हाडात खळगा दिसला. सायकलवरून तोंडावर आपटलास आणि दात मुळासकट गेला, तिथला. तेव्हा तुला हाताला धरून घरी मी आणलं होतं, आणि ‘मी रडलो नाही असं सांग हं’ म्हणून तू वाटेत मला बजावलं होतंस. मी तसंच सांगितलं.

डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीत खाली लिहिलंय, ‘पेशंट स्वतः दातांच्या लॅबचे मालक आहेत. काम चोख हवं.’ ते वाचून मी इतकी हसले की शेजारचे पॉलिशवाले काका मशीन बंद करून बघायला लागले. अरे, तुझी स्वतःची लॅब आहे ना? बाबांनी उभी केलेली, आता तुझ्या एकट्याची? तिथले दात जगाच्या तोंडात चालतात आणि तुझ्या तोंडात नकोत? डॉक्टरांना हळूच म्हणाला असशील, ‘दुसऱ्या एखाद्या चांगल्या लॅबमध्ये करून घ्या, आमच्या पोरांना कळू देऊ नका.’ आणि डॉक्टरांनी चांगली लॅब म्हणून इथे पाठवलं. इथे कवळ्या कोण बनवतं, हे विचारायला मात्र तू विसरलास.

मी बनवते. बारकी.

हे पत्र आज टाकणार नाही. कपाटात ठेवतेय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

आज तुझे दात मेणात लावतेय. रंग फार पांढरा निवडलास. या वयाला शोभत नाही, पण तुला सांगणार कोण?

मेणातलं काम सोपं. दात डावा-उजवा करावा, नाही जमलं तर काढून परत लावावा. खरं काम त्यानंतरचं. तुला ते येतं असं सगळे धरून चालतात, तरी मी सांगते, कारण तू ते कधीच मन लावून केलं नाहीस. मेणातली कवळी प्लास्टरच्या साच्यात गाडायची. साचा उघडून मेण उकळत्या पाण्याने वितळवून काढायचं. दात तेवढे प्लास्टरमध्ये रुतून राहतात, बुडं वर करून. मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं, तीच कवळीची बैठक. आता हे अ‍ॅक्रिलिक प्लास्टरला चिकटता कामा नये, म्हणून प्लास्टरवर ब्रशने सेपरेटर लावायचा. आणि दाताला तर चिकटलंच पाहिजे, म्हणून दाताच्या बुडाला त्या सेपरेटरचा थेंबही लागू द्यायचा नाही. ब्रश एकच आणि मधे अंतर केसाएवढं. लागलाच तर वाळून त्याचा पातळ पापुद्रा होतो. वरून काही म्हणता काही दिसत नाही. कवळी चमकते, पेशंट खूश होऊन जातो, आणि मग एक दिवस कशात तरी दात रोवला की दात तिथेच राहतो.

परत आलेली कवळी हातात घेतली की बाबांचा पहिला प्रश्न काय असायचा, आठवतंय? ‘तुटला की सुटला?’ अर्धा दात बैठकीत अडकून राहिला असेल, तर तो तुटला. म्हणजे बसवणाऱ्याने काम नीट केलं होतं, दातच कच्चा निघाला. पण दात अख्खा बाहेर आला असेल, बुडाला गुलाबी कण नाही, नुसता गुळगुळीत, तर तो सुटला. मग बसवणाऱ्याची खैर नसायची.

हेडबाईंचे सुटले होते.

आपल्याच शाळेच्या हेडबाई, कवळी आपल्याच लॅबची. निरोपसमारंभ त्यांचा, अख्खी शाळा समोर, बाई माइकपुढे उभ्या राहून ‘मुलांनो’ म्हणाल्या आणि पुढचे दोन्ही दात टेबलावर पडले. माइक चालू होता, त्यामुळे पडल्याचा आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू गेला. मुलंच ती, हसायची ती हसली. बाई तोंडावर हात ठेवून पायऱ्या उतरल्या आणि त्यानंतर कुठल्या कार्यक्रमाला म्हणून गेल्या नाहीत.

बाबांनी ते दोन दात तळहातावर घेऊन उलटे केले. आपण दोघं समोर उभे होतो. ‘या सेटला सेपरेटर कोणी लावला होता?’

तू लावला होतास. ब्रश तुझ्या हातात होता आणि निम्मं लक्ष घड्याळात, कारण तुला वहिनीला भेटायला पळायचं होतं. तेव्हा ती वहिनी झाली नव्हती. मी म्हटलंसुद्धा, ‘दादा, हळू. दातांवर जातंय.’ तर म्हणालास, ‘तू तुझं बघ.’

आणि बाबांना म्हणालास, ‘बारकीने.’ एवढंच. मान खाली घालून. जसं काही मला पाठीशी घालायचं खूप मनात होतं, पण बाबांपुढे खोटं बोलवत नव्हतं! काय नाटकी रे तू! मी ‘मी नाही लावला’ म्हणत राहिले, पण ते बाबांच्या कानांत शिरलंच नाही. तू थोरला होतास आणि आधी बोलला होतास.

त्या दिवसापासून बाबांनी मला कवळीला हात लावू दिला नाही. प्लास्टर कालवा, साचे धुवा, फरशी पुसा. आणि तू येईल त्या डॉक्टरांना हसत हसत सांगायचास, ‘आमची बारकी जरा धांदरट आहे, तिचं मनावर घेऊ नका.’ बाबा गेल्यावर तू मला लॅबबाहेर काढलंस, तेव्हा हे सगळीकडे पोचलेलं होतं. एकही लॅब मला दारात उभं करेना. मी खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांना डोळे बसवत बसले, दादा. वर्षानुवर्षं. मग इथले मालक भेटले. ते कोणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांनी तुझ्याही बोलण्यावर ठेवला नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. एक गोष्ट गिळता येत नाही. शेवटच्या आजारपणात बाबांची स्वतःची कवळी ढिली झाली होती, जेवताना टोचायची. मी म्हटलं, ‘द्या बाबा, मी नीट करून आणते.’ बाबांनी ती तोंडातून काढली, मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, ‘नको. दादाला येऊ दे.’

ते मला निष्काळजी समजूनच गेले. आता त्यांना कोणी खरं सांगू शकत नाही. तू सांगू शकला असतास, तेव्हा मूग गिळून बसलास. हे मी तुला कधीही माफ करणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

तुझ्या मेणातल्या कवळीची ट्रायल झाली. डॉक्टरांनी तोंडात लावून बघितली आणि परत पाठवली. चिठ्ठीत लिहिलंय, ‘पेशंट अतिशय खूश. आरसा खाली ठेवायला तयार नव्हते.’ वाटलंच मला.

आणि आजच दुपारी पत्रिका आली. लॅबवाल्यांच्या संघटनेतर्फे तुझा जाहीर सत्कार! ‘आयुष्यभराच्या चोख कामाबद्दल.’ दुसऱ्या कोणी लिहिलं असेल का हे, की मजकूरही तूच करून दिलास? फोटो जुना आहे, तोंडात दात असतानाचा. पत्रिका वाचून पॉलिशवाले काका म्हणाले, ‘अहो, हे तुमच्याच आडनावाचे दिसतात.’ मी म्हटलं, ‘असतात एकेकाची आडनावं.’ मालक आम्हा सगळ्यांना घेऊन येणार आहेत. मी नवी साडी काढणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

म्हणजे हे पांढरे दात त्यासाठी! दात काढल्यापासून तोंड लपवून घरात बसला असशील. आता एकदम स्टेजवर जायचं, माइक हातात धरायचा आणि लोक जेवणाच्या ताटाकडे बघायला लागेपर्यंत सोडायचा नाही. ओळखते मी तुला.

तर मी ठरवलंय. पुढचे दोन. वरचे, मधले, हेडबाईंचे पडले तेच. ब्रश मुद्दाम हळू फिरवीन, तुझ्यासारखी घाई करणार नाही. बुडाला छान पापुद्रा धरेल, आणि तू आठवडाभर वरणभात खाऊन खूश राहशील. मग कधी सुटायचे ते सुटोत. माइकसमोर सुटले तर माझं नशीब, जेवताना सुटले तरी माझी तक्रार नाही. एखाद्याचे दात त्याच्याच घशात घालणं म्हणतात ना, ते काम माझ्याकडे आयतं चालून आलंय, तेही डॉक्टरांच्या सहीने.

मग तूही तोंडावर हात ठेवून पायऱ्या उतर. मी पहिल्या रांगेत असेन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

तुझी कवळी आता पाण्यात शिजतेय. सावकाश शिजवावी लागते, म्हणून मला लिहायला वेळ आहे.

सकाळी साचा उघडला. मेण काढलं. उकळतं पाणी ओतलं, मग साबणाचं, मग परत स्वच्छ. मेणाचा तवंगसुद्धा राहिला नाही. तुझे सगळे दात प्लास्टरमध्ये बुडं वर करून बसले होते. मी ब्रश सेपरेटरमध्ये बुडवला, प्लास्टरवर फिरवला आणि पुढच्या दोन दातांशी आल्यावर थांबले नाही. सरळ वरून नेला, एकदा आणि मग परत एकदा. पापुद्रा वाळताना बघत बसले. उजेडात जरासा चमकतो, तेवढाच. आतून इतकं बरं वाटत होतं, काय सांगू तुला!

काका चहा घेऊन आले. माझा चेहरा बघून म्हणाले, ‘आज काय, लॉटरी लागली काय?’ मी म्हटलं, ‘तसंच समजा.’

चहा पिता पिता मी सगळं डोळ्यांसमोर आणलं. तू स्टेजवर, दात टेबलावर, लोक हसतायत. इथवर फार छान चाललं होतं. मग कोणीतरी ते दात उचलणार. सगळा हॉल लॅबवाल्यांचा, तो दात उलटा करूनच बघणार. बुड गुळगुळीत. ‘सुटलाय,’ म्हणणार. ‘कोणी बसवले?’ विचारणार. आणि आमचे मालक माझ्याकडे बघणार.

दादा, माझ्या हातातला कप तसाच राहिला. या वेळी ते खरं असतं रे! आजपर्यंत खोटारडा तू आहेस. ते दात पडले असते, तर तू खरा ठरला असतास. ‘बघा, मी सांगत होतो ना, आमची बारकी धांदरट.’ बाबासुद्धा खरे ठरले असते, ती मूठ मिटणारे. एवढा मोठा आहेर मी तुला माझ्या हाताने द्यायचा? मेले तरी देणार नाही!

चहा तसाच टाकला. दोन्ही दातांच्या बुडाचा पापुद्रा पार खरवडून काढला. परत उकळतं पाणी. मग ड्रिलच्या बारीक टोकाने एकेका दाताचं बुड खडबडीत केलं, नुसत्या पुढच्या दोघांचं नाही, सगळ्यांचं. प्रत्येक बुडात छोटी भोकं पाडली, अ‍ॅक्रिलिक आत शिरून धरून बसेल अशी. धूळ उडवली. सेपरेटर परत लावला, अगदी बारीक ब्रशने, श्वास रोखून, फक्त प्लास्टरला. दातांची बुडं अ‍ॅक्रिलिकच्या लिक्विडने ओली केली आणि मग गुलाबी गोळा भरून साचा दाबला. एवढी मेहनत मी कोणाच्याच तोंडासाठी घेतलेली नाही. आणि घेतली ती तुझ्यासाठी नाही, हे नीट समजून घे.

राग गेलाय असंही समजू नकोस. तो इथेच आहे, नुसता आता काय करायचं ते त्याला कळेनासं झालंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

कळलं काय करायचं.

तुझी कवळी बसली. डॉक्टरांचा मालकांना फोन आला, ‘इतकी उत्तम बसलेली कवळी बघितली नाही.’ पेशंट म्हणे डॉक्टरांच्या खोलीतच भाषणाची प्रॅक्टिस करत होता.

म्हणून आता ही सगळी पत्रं एकत्र तुला पाठवतेय. उद्या तुझ्या हातात पडतील. परवा सत्कार. मधल्या वेळात दुसरी कवळी कोणी करून देणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चारही पत्रं वाच. तिसरं वाचून घाम फुटेल, मग चौथं वाच. घाम सुकतो का बघ.

दात पक्के आहेत. सगळेच्या सगळे. दगडावर चावलास तरी सुटणार नाहीत. मी सेपरेटर लावला होता आणि मी तो काढला. आता हे खरं आहे याला पुरावा काय? काही नाही. वरून काही दिसत नाही. बारकी सांगतेय, एवढंच.

तेव्हाही बारकीच सांगत होती.

त्या वेळी तुझ्या एका शब्दाने माझ्या शब्दाची किंमत गेली. आता तुझ्याजवळ माझा शब्द सोडून दुसरं काही नाही. विश्वास ठेवलास तर बिनधास्त बोल, हस, कडक काहीतरी चाव, आणि मनातल्या मनात कबूल कर की बारकीच्या हाताचं काम सुटत नाही आणि ती खोटं बोलत नाही, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. नाही ठेवलास तर तोंडावर हात धरून उभा राहा.

साडी इस्त्री करून तयार आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

हात धरून उभा राहिलास!

हात नाही, रुमाल. पांढराशुभ्र रुमाल, ओठांवर. निवेदकाने तुझ्या चोख कामाचं एवढं कौतुक केलं, हॉलभर टाळ्या झाल्या, माइक तुझ्यासमोर आणून ठेवला, आणि तू रुमालाआडून ‘आभारी आहे’ म्हणालास. तेही ओठ न उघडता, ‘आभाई आहे’ असं काहीतरी. आणि खाली बसलास. लोकांना वाटलं तुला भरून आलं. मागे कोणीतरी म्हणालंसुद्धा, ‘किती साधा माणूस!’ मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

जेवताना वहिनी तुझ्या ताटाकडे बघून म्हणाली, ‘अहो, काहीच घेतलं नाहीत?’ तर तू म्हणालास, ‘दाढ दुखतेय.’ दादा, कवळीतली दाढ? आयुष्य दातांत घालवलेल्या माणसाला याहून बरं काही सुचू नये? शेजारच्या दोन लॅबवाल्यांनी माना वळवून बघितलं तुझ्याकडे. वहिनी तर बघतच राहिली.

मग तू हात धुवायच्या निमित्ताने माझ्याजवळ आलास. इतक्या वर्षांनी. माझ्या मनात आलं, माफी मागतोय की काय. तुझा चेहरा जवळून बघितला, म्हातारा झालास रे. दात मात्र सुरेख दिसतात, ओठ हलतात तेव्हा. तू इकडेतिकडे बघितलंस आणि दबक्या आवाजात विचारलंस, ‘बारकी, कुठला?’

‘एकही नाही.’

‘चेष्टा पुरे झाली. कुठला ते सांग. मी तेवढा बदलून घेतो.’

‘दादा, एकही नाही.’

‘खोटं बोलू नकोस!’

अगदी बाबांसारखा बोललास. तोच सूर. आणि त्या क्षणी मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, असं वाटलं. खरं सांगून कोणी ऐकत नाही म्हणजे काय होतं, ते मला माहीत होतं. खरं कानावर पडूनही घेता येत नाही म्हणजे काय होतं, ते आता तुला कळलं. मी माझ्या ताटातला कडक लाडू उचलला, तुझ्याकडे बघत कडकन फोडला आणि खाल्ला. माझे दात माझेच आहेत अजून.

खात्री करून घ्यायचा एकच मार्ग आहे. बाबांनी दोघांनाही शिकवलाय. पक्कड घ्यायची, दात धरायचा आणि पिळायचा. सुटला तर मी खोटारडी. तुटला तर चांगल्या दाताचं वाटोळं करून तुला कळेल की मी खरी होते. नाही पिळलास, तर रुमाल आहेच. धोब्याची सोय बघ.

४ मार्च, मंगळवार

दादा,

काल वहिनी लॅबमध्ये आली होती. तू तिला सांगून पाठवलं नाहीस, हे तिने आल्याआल्या सांगितलं. तुझ्या कोटाच्या खिशात माझी पत्रं सापडली, सगळी वाचली म्हणाली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

‘त्या दिवसाचं मला आठवतंय,’ म्हणाली. ‘बाईंचे दात करत होते ना, त्या दिवशी हे मला भेटायला आले ते धापा टाकत. यांच्या बोटांवर कसलासा पापुद्रा वाळला होता. मी तो सोलून काढला. साप कात टाकतो तशी कात टाकताय का, म्हणून चिडवलंसुद्धा. म्हणाले, सेपरेटर आहे, हेडबाईंच्या कवळीला आत्ताच लावून आलो.’ मग म्हणाली, ‘नंतर तुझ्यावर आळ आला तेव्हा मला काय माहीत, सेपरेटर म्हणजे काय आणि कशाला लावतात! मी कधी दोन्ही गोष्टी एकत्र धरून बघितल्याच नाहीत. तुला धांदरट म्हणणाऱ्यांत मीही होते गं.’

इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कोणी बोललं नव्हतं, त्याची सवयच नाही. मी प्लास्टरची वाटी घासत राहिले. काकांनी मशीन बंद केलं होतं आणि मालक दारात उभे होते. सगळ्यांनी ऐकलं, तेवढं बरं झालं.

मग वहिनीने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. तुझी कवळी. म्हणाली, ‘हे बाथरूमचं दार लावून बसले होते. बाहेर आले ते ही हातात घेऊन.’

वरचा, पुढचा, डावा. पक्कडीचे ओरखडे आहेत त्यावर. मी तो दिव्याखाली धरला. टोकाचा अर्धा तुकडा डबीत सुटा पडलाय. बुडाकडचा अर्धा बैठकीत घट्ट बसून आहे, चारी बाजूंनी गुलाबी धरून. मी नखाने हलवून बघितला, मग सुरीच्या टोकाने. हलत नाही. मालकांनी हातात घेतला, काकांनी घेतला, सगळ्यांनी बघितला. कोणी काही विचारायच्या आधी मीच सांगितलं, ‘तुटलाय.’

मला वाटलं होतं मला हसू येईल. रडू आलं, आणि त्याचाही तुझ्यावर राग आला. हा तुकडा बाबांच्या तळहातावर ठेवायचा होता मला. तो तळहात तू मला परत आणून देऊ शकत नाहीस.

कवळी दुरुस्त होईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण ती आत्ता करणार नाही. डबीसकट माझ्या कपाटात ठेवलीय. वहिनीने विचारलं, ‘मग यांनी तोवर काय करायचं?’ मी म्हटलं, ‘त्याला यावं लागेल.’

तेव्हा तू ये. वहिनीला पाठवू नकोस, डॉक्टरांना पाठवू नकोस. दुपारी ये, सगळे जागेवर असतात तेव्हा. माझ्या टेबलासमोर उभा राहा आणि काका, मालक, इथल्या सगळ्यांच्या देखत सांग, हेडबाईंच्या कवळीला सेपरेटर कोणी लावला होता. मग मी तुझा दात बसवीन.

आणि येताना रुमाल आणू नकोस.

बारकी